यार्डातला ट्रॅक डे

माझं कराडात चष्म्याचं दुकान आहे हे आधी सांगून टाकतो. नाहीतर एवढी थोरली मोटारसायकल घेऊन मी वर्षभर ती पस्तीस-चाळीसच्या पुढे का नेली नाही, हे कुणालाच कळायचं नाही. लोकांना वाटतं मी भित्रा आहे. मी भित्रा नाही, माहीतगार आहे. कराड, मलकापूर आणि पाटणच्या रस्त्याला राहणाऱ्या निम्म्या माणसांचे डोळे गेली कित्येक वर्षं मी तपासतो आहे. समोरून ट्रॅक्टर आला की तुम्हाला ट्रॅक्टर दिसतो. मला उणे साडेचार दिसतो. त्याने नवा चष्मा नेला आहे की 'बिल आलं की बघू' म्हणून जुन्यावरच भागवतो आहे, हेही मला माहीत असतं. मागच्या महिन्यात एक गृहस्थ स्कूटरवरून जाताना हात जोडून "नमस्कार डॉक्टर" म्हणाले. मी रस्त्याच्या अलीकडे उभा होतो आणि तो नमस्कार पलीकडच्या विजेच्या खांबाला होता. अशा परिस्थितीत गाडी पळवायची म्हणजे काय, तुम्हीच सांगा.

गाडी मात्र देखणी आहे. साडेतीनशे सीसीची, काळी कुळकुळीत, टाकीवर एक चंदेरी रेघ. पन्नाशी पूर्ण झाली त्या दिवशी आणली. माझी इच्छा मोठी नव्हती. आयुष्यात एकदा, फक्त एकदाच, समोरून कुणी येणार नाही याची शंभर टक्के खात्री असताना मूठ पूर्ण पिळून बघायची. बाकी कुणाला हरवायचं नव्हतं, कुठे पोचायचं नव्हतं. कॉलेजात असल्यापासून हे मनात होतं, पण तेव्हा गाडी नव्हती, आणि गाडी आली तोवर सगळ्यांचे नंबर पाठ झाले होते.

माझी बायको चारुलता कन्याशाळेत गणित शिकवते, त्यामुळे तिचे निर्णय दोन पायऱ्यांत सुटतात. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने चहाचा कप ठेवला आणि म्हणाली, "अहो, दसऱ्याच्या आत ही गाडी पळालेली मला माझ्या डोळ्यांनी दिसली पाहिजे. नाही दिसली तर मधू घेऊन जाईल."

मधू म्हणजे माझा मेहुणा. सांगलीत विश्रामबागेत राहतो आणि हळदीच्या अडतीवर काम करतो. महिन्यातून एकदा येतो, आधी गाडीच्या सीटवर थाप मारतो, मग बहिणीची चौकशी करतो. "दाजी," तो दर वेळी म्हणतो, "तुम्ही ही चालवत नाही. हिला फिरायला नेता." मी हसून सोडून देत होतो. पण चारुलताने त्याचं नाव घेतलं आणि मी गाडीची किल्ली उचलून खिशात टाकली. त्याने म्हणे सांगलीत गाडी लावायला जागासुद्धा झाडून ठेवली होती.

मार्ग सुचवला तो आमच्या मुलीने. स्वानंदी पुण्याला असते. ती फोनवर म्हणाली, "बाबा, ट्रॅक डे शोध. रेसर नसलेल्या साध्या माणसांसाठी असतो. आपली गाडी घेऊन जायचं, रेसच्या ट्रॅकवर दिवसभर चालवायची आणि घरी यायचं." असं काही जगात असतं हे मला माहीतच नव्हतं. तिने दिलेल्या नंबरावर मी लगेच फोन लावला. तिकडे, पार दक्षिणेत, एक अत्यंत सभ्य माणूस होता. माझ्या हिंदीला त्याने शेवटपर्यंत नावं ठेवली नाहीत.

"रेसिंग केलंय कधी?" त्याने विचारलं. नाही म्हटलं. "उत्तम. अनुभव किती?" मी म्हटलं, सव्वीस वर्षं. तो एकदम मला 'सर' म्हणायला लागला. मग त्याने विचारलं, कशातला, आणि मी खरं ते सांगितलं. तरी त्याने 'सर' सोडलं नाही. त्याने सगळं समजावलं. सकाळी सूचना देतात, अनुभवाप्रमाणे तीन गट करतात, आरशांना टेप लावतात म्हणजे माणूस मागे बघत बसत नाही. अंगात एकसंध चामड्याचा सूट लागतो. वेळ मोजत नाहीत, नंबर काढत नाहीत, बक्षीस नाही. सगळे एकाच दिशेने जातात.

"समोरून कुणीच येत नाही?" मी विचारलं.

"सर, उलट्या दिशेने येणाऱ्याला आम्ही ताबडतोब बाहेर काढतो."

मला फोनवरच भरून आलं. उलट्या दिशेने येणाऱ्याला बाहेर काढणारा माणूस या देशात आहे, आणि तो माझ्याशी बोलत होता. पण त्यांचा दसऱ्याआधीचा दिवस कधीच भरून गेला होता आणि पुढचा थेट थंडीत होता. थंडीपर्यंत गाडी सांगलीत धूळ खात उभी असती, किंवा त्याहून वाईट म्हणजे मधूच्या हाताखाली पळत असती.

हे सगळं मी संध्याकाळी शाहनवाजला सांगितलं. शाहनवाज मलकापुरात आमच्या शेजारी राहतो आणि त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा आहे. त्याला कुठलीही अडचण सांगा, तिचं उत्तर मंडपापासून सुरू होतं. तापाची साथ आली तरी तो आधी किती खुर्च्या लागतील ते विचारतो.

"आवं सुमंतराव, त्यासाठी एवढ्या लांब कशाला मरायचं?" तो म्हणाला. "कारखान्याचं यार्ड हाय की मोकळं!"

मी थक्क झालो. रोज जाता-येता दिसणारी गोष्ट मला सुचली नव्हती. आमच्याकडच्या साखर कारखान्यापुढे उसाच्या गाड्या उभ्या राहायला हे भलंथोरलं डांबरी मैदान असतं. हंगामात तिथे बैलगाड्या आणि ट्रॅक्टरची ही गर्दी असते; दिवाळीपर्यंत मात्र एखादं कुत्रं सोडलं तर काही नाही. कडेने गोल रस्ता, आत शिरताच उसाच्या गाड्यांचा वजनकाटा, चहूबाजूंनी भिंत आणि एकच फाटक. फाटक लावलं की समोरून येणार कोण? कारखान्याचं नाव मी सांगत नाही, कारण तिथली निवडणूक जवळ आली होती आणि मला या गावात चष्मे विकायचे आहेत.

निवडणुकीमुळेच चेअरमन उदयसिंह आम्हाला 'नाही' म्हणू शकत नव्हते. त्यांनी चहा मागवला आणि सगळं नीट ऐकून घेतलं.

"सभासद किती येतील?"

"सभासद कुणीच नाही साहेब. मी आणि चार-पाच गाडीवाले."

त्यांचा चेहरा पडला. "बरं, बक्षीस कुणाच्या हस्ते?"

"बक्षीस नाही. नंबरच काढायचा नाही."

"मग पयला कोण आला ते?"

"कुणीच पहिला येत नाही साहेब. तेच तर आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. तो मीच दिलेला होता, दोन वर्षांपूर्वीच बदलायला झालेला. "सुमंतराव," ते काळजीने म्हणाले, "नंबरच काढला न्हाई तर माणसं घरला कवा जाणार?"

त्यांचं चुकत नव्हतं. आमच्या भागात माणसाने पाण्याचा तांब्या भरला तरी शेजारचा आपला तांब्या आधी भरतो का बघतो. तिथे मी शर्यत नसलेली शर्यत मागत होतो. पण यार्ड मिळालं.

पोलीस ठाण्यात शाहनवाज बरोबर होता, तरी मला आरोपीसारखं वाटायला लागलं. तिथले जमादार अर्ज पुढे ओढून म्हणाले, "मोर्चा कुनाच्या विरोधात हाय?" मोर्चा नाही म्हटलं. मिरवणूक? नाही. शर्यत? मुळीच नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मंजी तुमी मोटारसायकली घिऊन नुसतं गोल फिरनार?"

"हो."

"कशापायी?"

"आनंदासाठी," मी म्हटलं.

हा शब्द त्या खोलीत फार दिवसांनी उच्चारला गेला असावा. त्यांनी आतल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी मला वरून खाली पाहिलं, लावणी असणार का विचारलं, आणि शेवटी 'सांस्कृतिक कार्यक्रम' या सदरात आम्हाला परवानगी दिली. अट एवढीच की ध्वनिक्षेपक वेळेत बंद करावा. ध्वनिक्षेपक नाही असं सांगायला मी तोंड उघडणार होतो, तेवढ्यात शाहनवाजने माझा पाय दाबला.

चामड्याच्या सूटचा प्रश्नही शाहनवाजनेच सोडवला. नवरा-नवरीचे जुने सोफे मोडून त्याच्याकडे मरून रंगाचं रेग्झिन शिल्लक होतं. त्याची बायको, समीनाभाभी, मंडपाच्या झालरी शिवतात. त्यांनी माझं माप घेतलं आणि चार दिवसांत एकसंध सूट उभा केला. उभा केला हे अक्षरशः, कारण तो माझ्याशिवायही उभा राहत होता. कोपऱ्यावर आणि गुडघ्यांवर त्यांनी सोफ्याची चकचकीत बटणं तशीच ठेवली होती. "मार लागू नये म्हणून, भाईजान," त्या म्हणाल्या. मी आरशात पाहिलं तर लग्नाला निघालेली आरामखुर्ची दिसत होती. हेल्मेट घालायला चष्मा काढला तेव्हा मात्र बरं दिसलं. माझा लांबचा नंबर शून्य आहे, हे मी कुणालाही अभिमानाने सांगतो. जवळचा थोडा आहे, तो किती ते बघायला कधी सवड झाली नाही. दुकानात हाताला लागेल तो चष्मा लावतो. आणि हेल्मेटमध्ये चष्मा मावतही नाही. गाडीवर बसून कुणाला वर्तमानपत्र वाचायचं असतं?

आता जाहिरात. ती माझी चूक, मी मान्य करतो. मला वाटलं होतं चार-पाच गंभीर गाडीवाले मिळावेत, म्हणून मी मोबाइलवर एक मजकूर लिहिला: 'ज्यांनी आयुष्यात कधीही शर्यतीत भाग घेतलेला नाही अशा वाहनचालकांसाठी कारखान्याच्या यार्डात खास दिवस.' शाहनवाजने खाली 'जेवणाची सोय आहे' असं जोडून तो सगळीकडे पाठवला. आमच्या तालुक्यात या अटीत न बसणारा माणूस निघाला नाही.

दसऱ्याआधीच्या रविवारी सकाळी मी फाटकाशी पोचलो. जत्रा होती. दुधाच्या किटल्या लावलेली एम-एटी होती. रिटायर फौजीची बुलेट होती. मागे बायको आणि पुढे पोर घेतलेले संसारी लोक होते. मेढ्याकडचा एकजण नवाकोरा ट्रॅक्टर घेऊन आला होता आणि एक म्हातारा चक्क बैलगाडी. मी त्याला हात जोडून म्हटलं, बाबा, हे मोटारसायकलींसाठी आहे. तो म्हणाला, "तुमीच लिवलंय न्हवं, शर्यत न केल्याल्यांसाठी? माझ्या बैलांनी कवा शर्यत केली न्हाई. देवाशप्पत." बैलांनी माझ्याकडे इतक्या निरागसपणे पाहिलं की मी त्यांना रांगेत घेतलं.

फाटकाच्या आत काटा. तिथे कारखान्याचा काटेवाला ज्योतिबा बसलेला. हंगाम असो-नसो, यार्डात वजनाशिवाय चाक जाऊ द्यायचं नाही ही त्याची शिस्त.

"अरे ज्योतिबा, मी ऊस आहे का?"

"न्हाई, ते मला दिसतंय. काट्याला न्हाई दिसत. घ्या वर."

घेतली. बाहेरच्या मोठ्या फळीवर लाल आकडे पेटले. गाडीचं वजन तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. उरलेली वजाबाकी चारुलताने तोंडी केली आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा वर्गातल्या आवाजात सांगितली. रेग्झिनचंही वजन असतं, हे माझं म्हणणं कुणी ऐकलं नाही. मधू तिच्या शेजारी उभा होता. त्याने सांगलीहून येताना स्वतःचं हेल्मेट आणलं होतं आणि ते काखेत धरून तो वरातीतल्या करवल्यासारखा खूश दिसत होता.

आरशांना लावायला टेप कुणाकडे नव्हता. झेंडू मात्र होता. दसरा तोंडावर असल्यामुळे सगळ्यांनी आरशांभोवती माळा गुंडाळल्या, हँडलला लिंबू-मिरची बांधली, चाकांना हळद-कुंकू वाहिलं. मागचं दिसेनासं झालं हे खरं, पण एक-दोघांना पुढचंही दिसेना. यार्डाच्या मध्यभागी शाहनवाजने मंडप घातला होता. त्याच्यात सोफा, हारतुरे आणि नानासो. हे नानासो बैलगाडी शर्यतींचे नावाजलेले समालोचक. त्यांच्या हातात माईक गेला की तो परत घ्यायला दोघे लागतात. मी त्यांना तीनदा समजावलं की ही शर्यत नाही. त्यांनी तिन्ही वेळा मान हलवली आणि माईक फुंकून सुरू केलं, "आन् सुटली सुटली सुटली!" तोवर काहीच सुटलं नव्हतं.

मी सुरक्षेच्या सूचना लिहून नेल्या होत्या. त्या वाचायला उभा राहिलो तर आधी दीपप्रज्वलन झालं, मग उदयसिंहांचा सत्कार, मग उदयसिंहांच्या हस्ते इतरांचा सत्कार, मग उसाच्या दरावर भाषण. ऑक्टोबरचं ऊन आणि आत रेग्झिन. माझ्या बुटांत घाम साचला होता. शेवटी माईक मिळाला तेव्हा मी एकच वाक्य बोलू शकलो: सगळ्यांनी एकाच दिशेने जायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि गेलेही. खोटं का बोला, पहिली फेरी इतकी सुंदर झाली की माझा माणसांवर विश्वास बसायला लागला. पण एक फेरी झाली की आमचा माणूस काय करतो? मंडपात जिलेबी दिसली. पुढून वळसा घालून कोण येतो? दुधाची एम-एटी जागच्या जागी वळली आणि जवळच्या वाटेने परत निघाली. तिच्या मागे बुलेट. त्यांच्या मागे ट्रॅक्टर. मी कडेला उभा राहून बघत होतो. माझ्या स्वतःच्या ट्रॅकवर, समोरून, एकापाठोपाठ उणे तीन, उणे पावणेसहा आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. मी किंचाळलो. नानासोंना ते प्रोत्साहन वाटलं. कुणाला कसं लागलं नाही, हे मला अजून समजलेलं नाही. कदाचित बैलांमुळे असेल. ते मधोमध शांत उभे राहिले आणि दोन्हीकडची वाहतूक त्यांना वळसा घालून गेली.

मी आयोजक. आमच्याकडे आयोजकाने पाहुण्यांच्या आधी जेवायचं नसतं आणि गाडीवर बसायचं तर त्याहून नसतं. दिवस कलला, पंगती उठल्या, बैलांनाही वैरण मिळाली, तरी माझी पाळी आली नव्हती. मधू दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "दाजी, राहू द्या. उन्हाचं कशाला? किल्ली द्या, मी निघतो." मी चारुलताकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिला असं करताना मी फक्त स्वानंदीच्या बारावीच्या निकालाच्या दिवशी पाहिलं होतं.

"किल्ली मिळणार नाही," मी म्हणालो. मग शाहनवाजला हाक मारली.

त्या क्षणी शाहनवाजने जे केलं ते मी विसरणार नाही. त्याने नानासोंच्या हातातून एकट्याने माईक काढून घेतला आणि ओरडला, "सगळ्यांनी कडंला व्हा! सुमंतराव बसत्यात! ज्योतिबा, फाटक लाव!" फाटक लागलं. यार्ड रिकामं झालं. सगळी माणसं मंडपात आणि काट्यापाशी. समोर डांबराचा गोल रस्ता, आणि त्याच्यावर कुणी नाही. खरोखर कुणीच नाही. सव्वीस वर्षांत मी असा रस्ता पाहिला नव्हता.

चष्मा काढून खिशात घातला. हेल्मेट चढवलं. गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला आणि मूठ पिळली.

काय सांगू! ती गाडी डरकाळी फोडते हे मला माहीतच नव्हतं. माझे दात वाजायला लागले. छातीत धडधड, कानांत धडधड, आणि समोर पसरत जाणारा रस्ता. मी क्षणभर खाली मीटरकडे पाहिलं. एकशेचार. पुन्हा पाहिलं. एकशेचारच! वळण आलं, मी वाकलो, निदान रेग्झिन जेवढं वाकू देईल तेवढा वाकलो. मंडपातली गडबड एकाएकी थांबली होती. माणसं श्वास रोखून उभी होती, हे मला डोळ्यांच्या कडेने दिसलं. मग कुणीतरी टाळी वाजवली, मग दोघांनी, मग सगळ्या मंडपाने. मी हेल्मेटच्या आत रडत होतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. समोरून कुणीही येत नव्हतं आणि मी शंभराच्या पुढे होतो.

फेरी पुरी करून थांबलो तर लोकांनी मला उचललंच. डोक्याला फेटा बांधला. उदयसिंह पुढे आले आणि त्यांनी सोफ्यामागून एक ढाल काढली. त्यांनी ती गुपचूप करून आणली होती. नंबर काढल्याशिवाय माणसं घरी जातील यावर त्यांचा शेवटपर्यंत भरवसा नव्हता. "लय झ्याक, सुमंतराव," त्यांनी मला मिठी मारली. "एवढा बॅलन्स! म्या जन्मात बघितला न्हाई."

बॅलन्स? मी हेल्मेट काढून इकडेतिकडे पाहिलं.

तोवर नानासोंनी माईक परत मिळवला होता. "गड्यांनो," ते गहिवरले, "शाळंत हळू सायकलीची स्पर्धा आपन सगळ्यांनी बघितल्याली हाय! पर एवढं थोरलं धूड, एवढ्या हळू, यार्डाला पुरा वळसा, आन् पाय एकदाबी टेकला न्हाई! दिवसाचा एकच नंबर, हळू मोटारसायकल चालवन्यात पयला, आपलं चष्मेवाले सुमंतराव!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या हातात ढाल होती. मी मधूकडे पाहिलं. त्याने मोबाइलवर सगळं टिपलं होतं. त्याने तो माझ्यापुढे धरला, मी खिशातून चष्मा काढून लावला आणि पाहिलं. एक मरून सोफा पडद्याच्या डाव्या कडेने आत येत होता. इंजिन भयंकर ओरडत होतं. सोफा येतच होता. यार्डातलं ते कायमचं कुत्रं त्याच्याबरोबर चालत होतं. अर्ध्या वाटेत कुत्र्याला कंटाळा आला, त्याने आळस दिला, आणि ते पुढे निघून गेलं.

"अशक्य," मी म्हणालो. "मीटरवर एकशेचार होते. मी दोनदा पाहिलं."

चारुलता गाडीपाशी गेली, वाकली आणि वाचून सरळ उभी राहिली. "अहो, हा एकशेचार खालच्या कोपऱ्यातला आकडा आहे. पेट्रोल भरल्यापासूनचे किलोमीटर. वेग वर असतो." मग ती म्हणाली, "आणि क्लच बहुतेक तुम्ही सोडलाच नव्हता. वास येतोय."

तालुक्याचे डोळे तपासणारा माणूस मी. ज्यांच्या भीतीने मी वर्षभर रस्त्यावर जीव मुठीत धरून चाललो, त्यांच्यात मीटर न दिसणारा एकटा मीच निघालो. वर्षभर ज्याला मी चाळीस समजत होतो ते किती होतं, देव जाणे. मधूने हात पुढे केला. अट अट होती. गाडी पळालेली कुणालाच दिसली नव्हती. मी खिशातून किल्ली काढली.

"मधू," चारुलता म्हणाली, "तू सांगलीची एसटी बघ."

"ताई, ठरलं होतं."

"ठरवलं मी होतं. मोडतेही मीच." तिचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. ती माझ्याकडे वळली. "वर्षभर रोज संध्याकाळी दुकान बंद व्हायच्या वेळेला माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. हा माणूस आज कुठेतरी ती मूठ पिळणार आणि मला फोन येणार. म्हणून म्हटलं, काय व्हायचं ते माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे, नाहीतर गाडी घरातून जाऊ दे. मला वाटायचं, या गाडीवर तुम्ही एक दिवस जाणार. आज कळलं, या गाडीवर तुम्ही नुसते म्हातारे होणार."

तिने डोळे पुसले आणि त्याच पदराने माझ्या फेट्यावरचा झेंडू झटकला. मला काय वाटलं ते मी अजून ठरवू शकलेलो नाही. अपमान होता, पण इतका सुखाचा अपमान माझा पूर्वी कधी झाला नव्हता.

बाहेर पडताना ज्योतिबाने पुन्हा काट्यावर घेतलं. या वेळी चारुलता मागे बसली होती, मांडीवर ढाल घेऊन. फळीवर लाल आकडे पेटले. वजाबाकी या खेपेला कुणीच मोठ्यांदा केली नाही.

हमरस्त्याला लागलो तशी ती माझ्या खांद्यावरून पुढे वाकली. "तुम्ही समोर बघा," ती म्हणाली. "मीटर मी वाचते." मागून सांगलीची एसटी आली, खिडकीतून मधूने काखेतलं हेल्मेट हलवून दाखवलं, आणि एसटी पुढे निघून गेली. मी मूठ किंचित पिळली. वारा लागला. मला वाटलं, साठ तरी असतील.

"अठरा," कानाशी आवाज आला. "एकोणीस. वीस. एकवीस..."

"बास!" मी ओरडलो आणि ब्रेक दाबला.